बाबांना न सांगता निवृत्तीचा कार्यक्रम ठेवावा का?

"मॅडम, बाबा चिडले तर?" निवृत्तीचं सरप्राइज ठरवणाऱ्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. इथे विचारणारी डोंबिवलीची मुलगी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). वडील 34 वर्षं वीज उपकेंद्रात अभियंता आणि संध्याकाळी तबल्याची साथ. मे अखेरीस निवृत्ती. तिचा बेत असा: 31 तारखेलाच एसी हॉल, 80 माणसं, पडदा सरकला की ओळखीच्या गायिका मंचावर, आणि बाबांना म्हणायचं, "चला, बसा साथीला!" तबला आई दुपारीच गुपचूप गाडीच्या डिकीत टाकणार.

बेतात माया होती, तबल्याचा विचार नव्हता. मे महिन्यात चार तास डिकीत तापलेली पुडी (तबल्याच्या तोंडावरचं कातडं) ताणली जाते आणि स्वर चढतो. हॉलच्या हवेत तो पुन्हा हलतो. तबला तिथे निदान अर्धा तास ठेवावा, मग हातोडी घ्यावी: आधी पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे, शेवटचा बारीक फरक पुडीच्या काठावरच्या विणलेल्या गजऱ्यावर. शिवाय घरातला तबला काळी एकचा (पेटीवरची पहिली काळी पट्टी), लहान तोंडाचा. गायिकेचा स्वर त्याखालचा, काळी चार. तिथवर उतरवला तर पुडी ढिली पडते, नाद बसतो. त्यासाठी मोठ्या तोंडाचा दुसराच तबला लागतो. हे सगळं बाबांना पहिल्या नजरेत कळणार, आणि चारचौघांत हसून घ्यावं लागणार.

हातांचंही तेच. शेवटचा महिना चार्ज देण्यात, रजिस्टरं जुळवण्यात गेलेला, रियाज नाही. ज्या माणसाने लाइन बंद असल्याचं परमिट घेतल्याशिवाय आयुष्यात लाइनला हात लावला नाही, त्याला तयारीशिवाय मंचावर बसवणं ही भेट नव्हे, परीक्षा आहे. पाहुणे कोण येणार, हे खुशाल गुपित ठेवावं. वाजवायचं की नाही, हे मात्र त्यांच्याच हाती हवं.

मग बेत बदलला. 31 तारीख सोडली. त्या दिवशी ऑफिसचा निरोप, हार, भाषणं असतात आणि संध्याकाळी माणूस घरी गळून येतो. पुढच्या आठवड्याचा शनिवार धरला. 80 ऐवजी 30 माणसं. चार दिवस आधी आईने सांगितलं, "शनिवारी सातला थोडी माणसं येणारेत, गाणं आहे. साथीला तुमचा शिष्य बसतोय. तुम्हाला वाटलं तर बसा." पहिल्या उपकेंद्रातले ऑपरेटर आणि पुण्याचे गुरुबंधू येणार हे सांगितलं नाही. गुपित तेवढंच.

एक वाक्य सगळ्यांना बजावून बंद केलं: "आता काय, पूर्णवेळ तबला!" पगार होता म्हणून नको तो कार्यक्रम त्यांना नाकारता येत होता. आईला विचारलं तेव्हा कळलं, त्यांना आधी महिनाभर नुसतं झोपायचं होतं. मोकळ्या वेळेचं वेळापत्रक घरच्यांनी लावून दिलं की पुष्कळ जण गप्प होतात, आणि घरचे त्याला कृतज्ञता समजतात.

गुरुबंधूंना दारात पाहून बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. तबल्याकडे गेले नाहीत, मागच्या खुर्चीत बसले. गाणं सुरू होण्याआधी स्पीकरमधून घरघर येऊ लागली. आवाजाच्या मिक्सरचा प्लग मंचावरच्या बोर्डावर, लॅपटॉपचा समोरच्या भिंतीवरच्या. दोन ठिकाणच्या अर्थिंगमधून फेरा तयार होतो आणि विजेचे 50 हर्ट्झ आवाजात उतरतात. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला हा सूर, म्हणजे गायिकेच्या षड्जाला (सा) खेटून बेसूर. साउंडवाला अर्थची पिन काढायला निघाला, तेव्हा बाबा उठले. "पिनेला हात लावू नकोस, शॉक बसेल कुणाला तरी. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर घे."

घरघर थांबली. तिथेच मंचाच्या कडेला बसत त्यांनी शिष्यापुढे हात केला, "हातोडी दे बघू. चढलाय थोडा."