आधी वही दाखव

प्रिय पोरी,

रविवारी हॉलबाहेरच्या बाकावर बसून तू टेबल टेनिसच्या रॅकेटच्या कडेचं रबर नखाने सोलत होतीस. पाचव्या गेममध्ये ९-६ ने पुढे असताना सलग पाच गुण घालवून आलेली पोर दुसरं काय करणार? मी शेजारी येऊन बसले तर म्हणालीस, "ताई, नशीबच नाही माझं. सोडून देऊ का?" मी विचारलं, ९-६ ला सर्व्हिस कुठली केलीस? तुला आठवेना. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू मध्येच रडतेस आणि मग माझं बोलायचं राहून जातं.

तर मी सांगते. ९-६ ला सर्व्हिस तुझी होती. मग दोन समोरचीच्या, मग परत दोन तुझ्या. म्हणजे पाचातले तीन गुण तुझ्या हातातून सुरू झाले. आणि तिन्ही वेळा तू तीच सर्व्हिस केलीस, लांब, आडव्या फिरकीची, तिच्या बॅकहँडला. पहिलीला ती चाचपडली, पण चेंडू आला परत. दुसरीला ती आधीच सरकून उभी होती. तिसरीला तर तू चेंडू वर उडवलास तेव्हाच तिचा पाय पडला होता. यात नशीब कुठे आलं? दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, वही ठेव, वही ठेव. सामना संपला की अर्ध्या तासाच्या आत, घाम वाळायच्या आधी लिहायचं. कुठली सर्व्हिस, ती कुठे परतली, गुण कितव्या चेंडूवर गेला. "मूड नव्हता" हे वहीत लिहायचं नसतं.

आता तुझे प्रश्न. बाबा म्हणतात स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेचा फॉर्म भर. आई म्हणते आधी पदवी. आणि अर्चना कामतचं नाव तू मला तिसऱ्यांदा ऐकवलंस, ती सोडून शिकायला गेली तर माझं काय, म्हणून. अगं, ती काय करून गेली ते बघ की. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आपल्या मुलींनी रोमानियाला ३-२ हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीकडून १-३ हरल्या. त्यातला तो एक अर्चनाचा होता. मग चोविसाव्या वर्षी तिने अमेरिकेत शिकायला जायचं ठरवलं. एक सामना घालवून बाकावर बसून ठरवलेली गोष्ट नव्हे ती. तूही सोड हवं तर. मी अडवणार नाही. पण तीन महिन्यांची वही समोर ठेव आणि मग सोड.

लांब पिंपल्सचंही, म्हणजे त्या उंच दाण्यांच्या रबराचंही, तेच. तिघांनी सांगितलं म्हणून तू बॅकहँडचे पिंपल्स काढून दोन्हीकडे साधं रबर लावायला निघालीस. रबराची एक चांगली शीट पाच हजारांच्या घरात जाते आणि रोज खेळलं तर तीन महिन्यांत मरते, हे बाबांना सांगितलंस का? समोरचीची फिरकी उलटी करून तिच्याच गळ्यात मारणारं रबर आहे ते. मनिका बत्राने त्याच जातीच्या रबराने २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं. ऐहिका मुखर्जीच्या बॅकहँडला अँटिस्पिन असतं, फिरकी मारून टाकणारं रबर. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला तिने सुन यिंगशाला, जगातल्या पहिल्या नंबरला, ३-१ ने घरी पाठवलं. त्यांना कुणी सल्ले दिले नसतील? तुझे किती गुण पिंपल्समुळे गेले, सांग. नाही सांगता येणार. वही कुठे आहे?

मला चीड येते ती तुझी नव्हे, माझीच. सरांनी मलाही वही घालून दिली होती. चार वर्षं इमानदारीने लिहिली, आणि हरायला लागले तशी बंद केली. मग २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० झाला, २००१ ला गेम २१ वरून ११ वर आला आणि मला हवं ते कारण मिळालं. २००२ मध्ये नोकरी धरली. वीस वर्षं लोकांना सांगत आले की नव्या चेंडूने माझा खेळ मारला. डोंबिवलीचं घर बदलताना माळ्यावरून त्या वह्या निघाल्या. शेवटची १९९९ ची. जुना चेंडू, २१ गुण, आणि पानामागून पान "आ.फो., आ.फो." एका पानावर अकरा वेळा मोजलं. आखूड, फोरहँडला. टेबलाखाली पाय घालून तो चेंडू उचलायला मी कधी शिकलेच नव्हते. चेंडू बदलायच्या आधीच सगळं लिहून ठेवलं होतं, माझ्याच अक्षरात.

तरी सांगते, चेंडूचा दोष होताच. मोठ्या चेंडूला फिरकी कमी बसते. आणि तेव्हा आम्हाला पाच-पाच सर्व्हिस मिळायच्या. पहिल्या तीन मी नुसती पेरणी करायचे, चौथ्या-पाचव्याला कापणी. आताच्या दोन-दोन सर्व्हिसमध्ये कसली पेरणी होते? हे मी मरेपर्यंत मानणार. शिवाय नोकरी धरली म्हणून धाकट्याचं इंजिनिअरिंग झालं, घर झालं, आणि संध्याकाळी तुम्हा पोरींकडून एक पैसा न घेता शिकवते ते त्याच पगाराच्या जिवावर. तेव्हा मला कुणी खेळ सोडलेली बाई म्हणू नये. बघ, तुझं सांगता सांगता कुठे गेले.

झियिंग झेंगची बातमी तूच मला पाठवली होतीस. चीनची मुलगी, रॅकेटच्या दोन बाजू एकाच रंगाच्या असल्या की कुठल्या बाजूने मारलं ते कळायचं नाही, हेच तिचं बळ. १९८६ मध्ये दोन रंगांच्या नियमाने ते गेलं आणि तिने खेळ सोडला. चिलीत जाऊन मुलांना शिकवलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी चिलीकडून पॅरिसला ऑलिंपिक खेळली. मी वाचून रडले. वाटलं, माझ्यासारखीच, नियमाने मारलेली. मग त्याच स्पर्धेत नी शियालियान दिसली. तीही त्याच काळातली, १९८३ ची विश्वविजेती, हातात लांब पिंपल्स. दोन रंगांचा नियम तिलाही लागू होता. एकसष्टाव्या वर्षी लक्झेंबर्गकडून उतरली आणि पहिली फेरी जिंकली. त्यानंतर मी रडणं आवरलं.

आणि ठाण्याची मधुरिका पाटकर? गोल्ड कोस्टच्या सांघिक फायनलमध्ये सिंगापूरविरुद्ध सिंगल्स हरली आणि लगेच मौमा दासबरोबर डबल्सला उभी राहून जिंकली. मधल्या वेळात बाकावर बसून रबर सोलत बसली असती तर सुवर्णपदक कुठलं?

रेल्वेच्या फॉर्मची शेवटची तारीख बघून ठेव, भरायला पैसे पडत नाहीत फार. भरलास म्हणजे खेळ संपला असं नाही, नोकरी धरून नॅशनल्स खेळणाऱ्या किती जणी तुला माहीत आहेत. बाबांशी मी बोलेन. आईशी तू बोल, ती माझं ऐकत नाही.

येत्या रविवारी सातला ये. दोनशे पानी वही आण, रेघांची, आणि गेल्या रविवारच्या सामन्यातलं आठवेल तेवढं आधी लिहून आण. ९-६ पासून सुरुवात कर. मी ग्लू आणते, ती कड चिकटवून टाकू, नाहीतर पिंपल्सची अख्खी शीट सुटून येईल.

तुझी,
ताई