मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर लिम्फोमा का होतो?

भावाच्या प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांनी मानेत गाठ आली असून डॉक्टरांनी लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींपासून होणाऱ्या एका कर्करोगाची, शंका घेतली आहे, याचे कारण काय, असे आपण विचारले आहे.

नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे देतात. त्यांमुळे विषाणूंना आवर घालणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) दुबळ्या होतात आणि बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून सुप्त असलेला एपस्टाईन-बार विषाणू ज्या बी-पेशींत (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत) दडलेला असतो, त्या अनिर्बंध वाढू लागतात. विषाणूची बाधा पूर्वी न झालेल्या व्यक्तीला, विशेषतः मुलांना, बाधित दात्याचे मूत्रपिंड मिळाल्यास धोका सर्वाधिक असतो. पहिल्या वर्षी तो जास्त असला, तरी अनेक वर्षांनंतरही हा आजार उद्भवतो, आणि अशा उशिरा उद्भवणाऱ्या गाठींमध्ये पुष्कळदा हा विषाणू आढळत नाही.

निदान बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्यानेच, होते, म्हणून ती लांबणीवर टाकू नये. उपचारांची पहिली पायरी म्हणजे प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कमी करणे. काही रुग्णांत तेवढ्यानेही गाठी विरतात, एरवी बी-पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध किंवा केमोथेरपी लागते. मात्र कळकळीने सांगतो, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे स्वतःहून मुळीच बंद करू नका, कारण त्यामुळे मूत्रपिंड गमावण्याची वेळ येऊ शकते. मात्रा किती कमी करायची हे नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते.