नंबर बरोबर, तरी दिव्यांना शेपट्या का फुटतात?

प्रश्न : वय ३४. चष्मा घालून तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पण रात्री सराफ्यातून रामबागेत स्कूटरवर परतताना समोरच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. अ‍ॅबेरोमेट्री करून घेऊ का?

घ्या. डोळ्यात शिरलेले किरण कुठे भरकटतात, ते मोजणारी ही तपासणी आहे. तुमचा त्रास मनाचा खेळ नाही. तक्ता उजेडात वाचतो, तेव्हा बाहुली लहान असते. अंधारात ती मोठी होते, कडेचे किरणही आत येतात आणि मधल्या किरणांशी एका जागी जुळत नाहीत. चष्म्याच्या नंबरात हा दोष बसतच नाही.

या तपासणीत डोळ्यात अवरक्त प्रकाशाची बारीक शलाका सोडतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परतलेला प्रकाश इवल्याइवल्या भिंगांच्या जाळीतून जातो आणि ठिपके उमटतात. डोळा निर्दोष असेल तर ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत येतात. दोष असेल तिथे सरकतात. किती सरकले, यावरून दोष मोजतात. मूळ युक्ती जर्मन खगोलशास्त्रज्ञ हार्टमनची, दुर्बिणी तपासण्यासाठीची. १९७१ मध्ये अमेरिकन प्रकाशशास्त्रज्ञ शॅकने तिच्यात भिंगं आणली आणि १९९४ मध्ये ती माणसाच्या डोळ्यावर वापरली गेली.

घरी एक निरीक्षण करा. दिव्याभोवती सगळीकडून वलय दिसतं, की शेपटी एकाच बाजूला जाते? एकाच बाजूला जात असेल तर त्या दोषाला 'कोमा' म्हणतात. मग बुबुळाचा, म्हणजे कॉर्नियाचा, नकाशा काढणारी टोपोग्राफीही हवीच. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर उपचार घ्या. अश्रूंचा थर तुटलेला असला की आकडे दर वेळी वेगळे येतात.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा. दर सहा महिन्यांनी सिलिंडर नंबर (बुबुळाच्या असमान वळणामुळे लागणारा) वाढतो. दुकानदार नुसती काच बदलून देतो.

ताई, हे पत्र वाचून मी थांबले. नवी काच नंतर करा. याच आठवड्यात कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे टोपोग्राफी करून घ्या. बोटं वळवून सांध्यांनी तो डोळे चोळतो का, तेही बघा. अ‍ॅलर्जी असलेली मुलं फार चोळतात आणि बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होण्याचा आजार, केराटोकोनस, त्याने बळावतो. या आजारात कोमा बराच वाढलेला सापडतो. निदान झालंच, तर रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून केलेल्या सी-३-आर उपचाराने वाढ बहुतेकदा थांबते. गेलेला आकार मात्र पूर्ववत होत नाही, म्हणून उशीर नको. नजरेसाठी पुढे कडक लेन्स उपयोगी पडते: तिच्याखाली अश्रू भरतात आणि खडबडीतपणा झाकला जातो. चोळणं आजपासून बंद. गार पाण्याची पट्टी आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब.

प्रश्न : लासिकच्या (लेसरने चष्म्याचा नंबर घालवायच्या शस्त्रक्रियेच्या) तपासणीला कॉन्टॅक्ट लेन्स लावून गेलं तर चालेल?

नाही. मऊ लेन्स साधारण एक-दोन आठवडे आधी काढा, कडक असेल तर त्याहून बरंच आधी. लेन्सने दबलेलं बुबुळ चुकीचं मोजलं जातं आणि लेसर त्याच मापावर चालतो.

प्रश्न : बाबांचा मोतीबिंदू पिकलाय. त्यांची अ‍ॅबेरोमेट्री करावी का?

दाट मोतीबिंदूतून ठिपकेच नीट उमटत नाहीत. त्यांना बायोमेट्री हवी, म्हणजे आत बसवायच्या भिंगाचा नंबर निघतो.