फ्लॅट इंजिन, बॉक्सर इंजिन, ऑपोज्ड इंजिन ही एकाच गोष्टीची नावं आहेत का? ते चालतं कसं, आणि असं इंजिन असलेली जुनी गाडी घ्यावी का?

एकच नाहीत. हा प्रश्न दिसला आणि हातातलं काम बाजूला टाकून टाईप करायला बसलो, कारण याच प्रश्नावर माझे ओरलचे मार्क गेलेत आणि त्याचे टोमणे आजतागायत खातोय.

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, इंजिनची ओरल, बाहेरून आलेले एक्झामिनर. कॉलेजचं नाव सांगत नाही, सरांचंही नाही. विचारलं, आडव्या इंजिनाला काय म्हणतात? मी म्हटलं, सर, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन्ही बाजूंना सिलिंडर आडवे झोपलेले असले की फ्लॅट, आणि त्यातही समोरासमोरचे दोन पिस्टन एकदम बाहेर आणि एकदम आत जात असतील तरच बॉक्सर. सर म्हणाले, दोन्ही एकच. इथं गप्प बसायचं होतं, पण मी म्हटलं, नाही सर, फेरारीचं बारा सिलिंडरचं इंजिन फ्लॅट आहे पण बॉक्सर नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अरे, त्या गाडीचं नावच बर्लिनेटा बॉक्सर आहे. कंपनीपेक्षा तू शहाणा का?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा."

50 पैकी 21. पासिंग 20 ला होतं, म्हणजे उपकारच म्हणायचे.

पुढचा नंबर माझ्या रूम पार्टनरचा. काय विचारतायत ते त्याला दारातच मी सांगितलं, तर पठ्ठ्या आत जाऊन "एकच, सर" म्हणाला आणि 44 घेऊन आला. पुढे त्यानंच माझ्या बहिणीशी लग्न केलं. आता तो माझा दाजी, चारचौघांत अहो-जाहो करावं लागतं, आणि कुठंही गाडीचा विषय निघाला की "यांना विचारा, यांना 21 होते त्यात" सुरू.

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते फक्त वाचून माहीत होतं. हाताला कळलं ते नंतर, गॅरेजात लागलो तेव्हा. एक जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन उघडायला आलं, एअर कूल्ड, चार सिलिंडर. त्या इंजिनात हेड, म्हणजे सिलिंडरची झाकणं, काढले की सिलिंडरचे बॅरल सुटे होतात, क्रँक फिरवला की पिस्टनबरोबर बॅरलही बाहेर सरकायला लागतात, म्हणून ते दाबून धरायला उस्तादांनी मला बसवलं. मी इंजिनाला मिठी मारल्यासारखा वाकलो, दोन तळवे समोरासमोरच्या दोन बॅरलवर आणि दोन अंगठे दोन पिस्टनच्या डोक्यावर. उस्तादांनी पुलीच्या बोल्टला पाना लावून सावकाश फिरवलं. दोन्ही अंगठे एकाच वेळी बाहेर ढकलले गेले. अजून अर्धा फेरा, दोन्ही एकाच वेळी आत. मागची जोडी बरोबर याच्या उलट, ही बाहेर तेव्हा ती आत. मी त्यांना म्हटलं परत फिरवा. चार वेळा फिरवून घेतलं, शेवटी ते वैतागले.

बॉक्सर हे नाव यावरूनच पडलं. मुष्टियोद्धा दोन्ही ग्लोव्ह एकमेकांवर आपटतो आणि लांब नेतो, तसं. आणि त्याच मिठीत आणखी एक गोष्ट जाणवली, माझा एक हात दुसऱ्यापेक्षा दोनेक बोटं पुढं होता. समोरासमोरचे म्हणतो खरे, पण ते सिलिंडर अगदी नाकासमोर नसतात, कारण पिस्टनला क्रँकशी जोडणारे दोन रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर, म्हणजे रॉड जिथं अडकतो त्या खुंटीवर, नसतात. प्रत्येकाची पिन वेगळी, एकमेकींच्या बरोबर विरुद्ध, 180 डिग्रीवर, आणि मध्ये लोखंडाचा जाड पडदा. म्हणून थोडं मागं-पुढं.

आता फेरारीकडे या. 1973 पासूनची ती बीबी, म्हणजे बर्लिनेटा बॉक्सर, मालिका आणि नंतरची टेस्टारोसा, यांत समोरासमोरचे दोन रॉड एकाच पिनेवर बसतात. मग एक पिस्टन बाहेर जातो तेव्हा समोरचा आत येतो, करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं असावीत तसं. याला म्हणतात 180 डिग्रीचं व्ही इंजिन, म्हणजे व्ही उघडत उघडत पार सपाट झालेला. दिसायला फ्लॅट, चालीनं बॉक्सर नाही. पोर्शेचं 1969 चं रेसिंगचं 917 पण असंच होतं, आणि ही तीच कंपनी जिनं 911 मध्ये अस्सल बॉक्सर सहा सिलिंडर घातलंय, म्हणजे त्यांना काही फरक कळत नव्हता अशातला भाग नाही. बारा सिलिंडर म्हणजे दोन्हीकडे सहा-सहाची रांग, आणि सहाची रांग स्वतःची स्वतः बॅलन्स असते, तिला समोरच्याची मदत लागत नाही. मग बारा पिना कशाला करा, सहात भागतं, क्रँक आखूड होतो. शिवाय बॉक्सरमध्ये पिस्टन एकदम आत आले की क्रँककेसमधली हवा दाबली जाते, त्यात ताकद वाया जाते, तेही वाचतं.

तेव्हा ओळखायचं कसं, तर फ्लॅट इंजिनाच्या क्रँकच्या पिना मोजा. सिलिंडर तितक्या पिना असतील तर बॉक्सर, निम्म्या असतील तर नाही. दाजी, ही ओळ तुमच्यासाठी.

चालण्याचं म्हणाल तर बाकी सगळं साधं फोर स्ट्रोकच. एक गोष्ट मात्र लोकांना चुकीची वाटते: दोघं एकदम बाहेर पोचतात म्हणून दोन्हीकडे एकदम ठिणगी पडत नाही. एकात पेट्रोल पेटतं तेव्हा समोरचा जळालेला वायू ढकलून संपवत असतो. फायदा असा की एकाचा धक्का डावीकडे, दुसऱ्याचा तेवढाच उजवीकडे, दोन्ही जागच्या जागी फिटतात. सरळ रांगेतल्या चार सिलिंडरला जी बारीक थरथर असते ती इथं नसते, फक्त ते दोन बोटांचं अंतर थोडा पीळ देतं. सहा सिलिंडर बॉक्सरमध्ये तोही जातो. 1897 च्या सुमाराला कार्ल बेंझनं पहिलं असं इंजिन केलं त्याचे पिस्टनही बॉक्सरसारखेच चालायचे, त्यानं नाव ठेवलं होतं कॉन्ट्रा. बॉक्सर हे नाव नंतरचं.

ऑपोज्डचं वेगळंच लफडं आहे. ऑपोज्ड सिलिंडर म्हणजे वरचंच सगळं. पण ऑपोज्ड पिस्टन म्हणजे एकाच नळीत दोन पिस्टन तोंडाला तोंड करून, मध्ये जाळ, आणि हेडच नाही. युंकर्सचं विमानातलं युमो 205 डिझेल, कॉमर ट्रकचं टीएस 3, ही त्यातली. त्यांचा बॉक्सरशी काही संबंध नाही.

जुनी गाडी घ्यायची तर "सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली असतं" हे ऐकून घेऊ नका. असतं, पण सायलेन्सरचे पाईप खालून जातात, त्यांना जागा द्यायला इंजिन वाटतं त्यापेक्षा वर बसवावं लागतं. आणि सुबारू गाड्यांची ती घरघर आवडते म्हणून तर मुळीच नको, ती बॉक्सरची नाही, कमी-जास्त लांबीच्या एक्झॉस्ट पाईपांची आहे, पाईप सारखे केले की गेली. सकाळी पूर्ण थंड असताना स्टार्ट करून बघा. आडव्या सिलिंडरच्या खालच्या अंगाला रात्रभर ऑईल साचतं, तेव्हा निळ्या धुराचा एक भपका चालेल, पण तो थांबला पाहिजे. टॅपेट कव्हरखाली (हेडवरच्या झाकणाखाली) हात फिरवा, ऑईल लागलं तर ते गरम पाईपवर ठिबकून वास मारणार. हेड दोन, गॅस्केट दोन, म्हणजे खर्चही दोनदा. आणि प्लग चासीच्या पट्टीला टेकलेले असतात, ते काढताना बोटांची सालं निघतात, मजुरी ऐकून मेकॅनिकवर चिडू नका. एवढं करूनही मी घेईन, पण माझं काय, मी 21 वाला.

एक राहिलं. रस्त्यावरच्या कारमधली चार आणि सहा सिलिंडरची आडवी इंजिनं जवळपास सगळी बॉक्सरच असतात, त्यामुळे गाडी घेताना कोणी फ्लॅट म्हटलं काय किंवा बॉक्सर म्हटलं काय, तुमचं काही बिघडत नाही. बिघडतं ते फक्त ओरलमध्ये.

ता. क. कुठं एच 4 लिहिलेलं दिसलं तर तो हॉरिझाँटलचा एच. खरं एच इंजिन म्हणजे दोन फ्लॅट इंजिनं एकावर एक ठेवून दोन क्रँक गिअरनं जोडलेले, जसं नेपियर सेबर, विमानाचं, 24 सिलिंडरचं. ते तुम्हाला सेकंडहँड मिळणार नाही.