स्वादुपिंडाजवळ पू झालाय, तरी ऑपरेशन न करता नुसती नळी टाकतायत. ही टाळाटाळ तर नाही ना?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) होऊन महिना होत आला, ताप हटत नाही, सीटीत पू दिसला आणि सर्जन म्हणाले, "आत्ता ऑपरेशन नको, रेडिओलॉजीवाले नळी टाकतील." त्या नळ्या टाकणाऱ्यांपैकीच मी एक, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. टाळाटाळ नाही हो ही. घाईने पोट उघडलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती.

स्वादुपिंडाचा रस अन्न पचवायला असतो. या आजारात तो बाहेर झिरपतो आणि आजूबाजूची चरबीच पचवायला घेतो. सुरुवातीला मेलेला भाग आणि जिवंत भाग एकमेकांत मिसळलेले असतात. कापायला गेलं की रक्तच रक्त. साधारण चार आठवड्यांनी त्याभोवती आवरण धरतं, म्हणून अँटिबायोटिकवर निभावत असेल तर तोवर थांबतात. नेदरलँड्समधल्या 88 रुग्णांवरचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. थेट पोट उघडलेल्यांपैकी 69 टक्के लोक दगावले किंवा त्यांना मोठी गुंतागुंत झाली. आधी नळी आणि गरज पडली तरच ऑपरेशन, या गटात 40 टक्के. या दुसऱ्या गटातल्या 35 टक्के लोकांचं तर नळीवरच भागलं. आकडे गोड नाहीत, पण आजारच तसा आहे.

नळी बहुतेक वेळा डाव्या कुशीतून, पाठीकडच्या बाजूने टाकतो, म्हणजे आतडं वाटेत येत नाही. जागा बधिर करून सीटी किंवा सोनोग्राफीत बघत सुई, सुईतून तार, तारेवरून नळी. पुढे ऑपरेशन लागलंच, तर सर्जन त्याच वाटेने दुर्बीण घालू शकतात. पू जठराला चिकटून असेल तर गॅस्ट्रोवाले एंडोस्कोपीने जठरातूनच वाट काढतात. तोही चांगला पर्याय आहे, जरूर विचारा.

खरी कटकट नंतर सुरू होते. आतला माल पातळ पू नसतो. राखाडी चिखल आणि मेलेल्या चरबीचे तुकडे असतात, नळी तुंबते. म्हणून सलाइनने रोज फ्लश करायची. किती मिली, किती वेळा, ते सिस्टरकडून लिहूनच घ्या. तुंबतच राहिली तर जाड नळी बदलून घालतो, "पुन्हा का?" म्हणून घाबरू नका.

पिशवीत लाल रक्त दिसलं तर मात्र त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा, घरी असाल तर थेट इमर्जन्सीत. थोडंसं येऊन आपोआप थांबलं, तरीही. स्वादुपिंडाचा तोच रस प्लीहेकडे (स्प्लीनकडे) जाणाऱ्या धमनीची भिंतही खातो, तिथे फुगा येतो आणि पहिला थोडासा स्राव बऱ्याचदा पुढच्या मोठ्या स्रावाची सूचना असतो. लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) झाली, तर मांडीतून किंवा मनगटातून आत जाऊन फुग्याच्या अलीकडे-पलीकडे कॉइल (बारीक तारेची वेटोळी) बसवून ती धमनी बंद करता येते. प्लीहेला दुसरीकडून रक्त मिळतं, ती सहसा तगते.

नळी किती दिवस? आठवडे, कधी महिनेही. पिशवीत जवळपास काही येईनासं झालं आणि सीटीत पोकळी मिटली की काढतो. टोक आत दोऱ्याने वळवून अडकवलेलं असतं. तो सोडल्याशिवाय ओढायची नसते, त्यामुळे गावाकडच्या कुणा कंपाउंडरला तिला हात लावू देऊ नका.