हृदय कमजोर असताना श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम केल्याने धाप कमी होते का?

तुमच्या प्रश्नावरून कळतंय की वडिलांचं पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतल्यापैकी किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्क्यांवर आलंय, औषधं नीट चालू आहेत, तरी एक जिना चढला की त्यांना दम लागतो. आणि कुणीतरी सुचवलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयरुग्णांसोबतच काम करते. यंत्र जरूर घ्या, पण आधी त्यांच्या श्वासाच्या स्नायूंची ताकद मोजून घ्या.

ही तपासणी सोपी असते. पूर्ण श्वास सोडायचा आणि बंद नळीतून जमेल तितक्या जोरात आत ओढायचा. जो दाब तयार होतो तो ‘सेंटिमीटर पाणी’ या एककात मोजतात. वयाच्या मानाने अपेक्षित आकड्याच्या ७० टक्क्यांपेक्षा तो कमी आला, तर स्नायू कमजोर आहेत असं धरतात. या व्यायामाचा सर्वांत जास्त फायदा अशाच रुग्णांना होतो.

आजार हृदयाचा, मग श्वासाच्या स्नायूंना का जपायचं? हृदय कमी रक्त ढकलतं तेव्हा श्वासपटलही (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा मुख्य स्नायू) अशक्त होतं, शिवाय त्याला कामही जास्त पडतं. ते थकलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, म्हणजे रक्त श्वासाच्या स्नायूंकडे वळावं. म्हणूनच बरेच रुग्ण छातीआधी पाय भरून आल्याची तक्रार करतात. श्वासपटल बळकट झालं की ही वेळ उशिरा येते.

यंत्रात स्प्रिंगची झडप असते. ठरलेल्या जोराने श्वास ओढल्याशिवाय ती उघडत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या एका अभ्यासात मोजलेल्या ताकदीच्या ३० टक्के भार लावून, रोज ३० मिनिटं, १२ आठवडे हा व्यायाम करून घेतला होता. सहा मिनिटांत चालता येणारं अंतर वाढलं, धापही कमी झाली. सुरुवातीला १५-१५ मिनिटं दोनदा केलं तरी चालतं. ताकद वाढेल तसा भारही वाढवायचा, नाहीतर प्रगती थांबते. तीन चेंडूंचं यंत्र वेगळं, त्यात असा ठरावीक भार नसतो. ते घेऊन समाधान मानू नका.

वडील करत असतील तेव्हा शेजारी बसून त्यांचे खांदे बघा. श्वास ओढताना खांदे वर जात असतील, मानेच्या शिरा ताणल्या जात असतील, तर भार जास्त आहे किंवा पद्धत चुकतेय. पोट पुढे यायला हवं. घाईघाईने श्वास घेतले तर चक्कर येते, म्हणून प्रत्येक श्वास सावकाश सोडायला सांगा.

याने पंपिंगचा आकडा वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. औषधं आणि चालणं यांना हा व्यायाम पर्याय नाही. नुकताच झटका आला असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल, ठोके अनियमित होऊन काबूत नसतील, फुप्फुसाभोवती हवा साठली असेल किंवा कानाचा पडदा फाटलेला असेल, तर हे सुरूच करू नका. आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पायांवर सूज आली, झोपल्यावर धाप लागू लागली, तर यंत्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ती धाप अंगात पाणी साठल्याची असते, तिथे व्यायाम कामाचा नाही.