लिलावातली बुलेट

प्रश्न : पोलिसांच्या लिलावातून जुनी बुलेट घ्यायची आहे. बोलीआधी काय पाहू?

उत्तर : आधी यादी नीट वाचा. गाडी ‘भंगार’ म्हणून विकत असतील, तर ती रस्त्यावर आणायचा नाद सोडा. मग इंजिन व चासी नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून यादीशी ताडा. आकडे वाकडेतिकडे किंवा आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील, तर रंग कितीही चकचकीत असो, बोली लावू नका. न्यूट्रलमध्ये किक हाताने हळू दाबा. अजिबात हलत नसेल तर बहुधा पिस्टन गंजून सिलिंडरला धरलाय. बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून मोठा करणे) आणि नव्या पिस्टनचा खर्च बोलीतून वजा करा. गाडी मिळाल्यावर ३० दिवसांत आरटीओत मालकी नावावर करण्याचा फॉर्म ३२ भरा. सोबत विक्री कायम केल्याचे सहीचे पत्र आणि लिलावाच्या शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत लागते. हे दोन्ही कागद पैसे भरतानाच मागून घ्या.